जुन्या घराचा दर्शनी भाग: आधी पाणी, मग रंग

आम्ही माणदेशातल्या काही गावांमध्ये महिला बचत गटांचं काम बघतो. श्रावण लागला की गटांच्या बैठकीत एक अर्ज हमखास येतो. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, "घराची डागडुजी व रंग". म्हैस घ्यायची, शिलाई मशीन घ्यायची, पोराची फी भरायची, या कारणांना कुणी काही म्हणत नाही. या कारणाला मात्र कुजबुज होते. एखादी जुनी सभासद बोलूनच दाखवते, "भिंत रंगवून ती काय दूध देणार हाय का?"

आज आम्ही त्याच भिंतीबद्दल बोलणार आहोत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. जुनं घर बाहेरून नीटनेटकं दिसावं असं बाईला वाटणं ही उधळपट्टी नाही. सोयरीक घेऊन येणारे पाहुणे असोत की बँकेचा साहेब, आधी घराचा पुढचा भाग बघतात आणि घरातल्या बाईला त्यावरून जोखतात. ते बरोबर आहे असं आम्ही म्हणत नाही, पण होतं तसं. प्रश्न एवढाच आहे की हातात दहा-पंधरा हजार असतील, तर ते घराच्या कोणत्या भागावर घालायचे.

आपल्याकडची जुनी घरं तुम्हाला माहीतच आहेत. दगडमातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर माळवद. पांढऱ्या मातीचा तो पेंड दर पावसाळ्याआधी दाबायचा, गवत उपटायचं, धुमसायचं. पुढं ते काम करायला घरात माणसं उरली नाहीत, माळवद गळायला लागलं, मग उतरवून पत्रा टाकला. नंतर कधीतरी चार पैसे आले तेव्हा पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पोपटी नाहीतर गुलाबी रंग. बाकीच्या तीन भिंती तशाच. आज आपल्या गावांत निम्मी घरं अशी आहेत, आणि पाच-सात वर्षांत त्या पोपटी भिंतीचे खालून पोपडे निघायला लागतात.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंनी साठ हजारांचा अर्ज दिला. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पुढच्या भिंतीला खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या, वर रंग द्यायचा, असा बेत होता. शेजारच्या गावात त्यांनी तसं घर बघितलं होतं आणि ते त्यांच्या मनात भरलं होतं. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे. म्हणजे साठ हजारांवर पहिल्याच महिन्याचं व्याज बाराशे. ताईंची रोजंदारी आणि दोन शेळ्या यातून ते कसं फिटणार, यावर बैठकीत वाद झाला. एक म्हणाली, नाहीच द्यायचं. दुसरी म्हणाली, तुझ्या पोरीच्या वेळी गटानं दिलंच होतं की. शेवटी असं ठरलं की बैठक संपली की दहाही जणींनी उठून त्यांच्या दारात जायचं आणि भिंत बघायची.

त्या दिवशी सकाळीच पाऊस पडून गेला होता हे फार बरं झालं. भिंत खालून दोन फुटांपर्यंत काळी ओली होती. पत्र्याच्या पागोळ्या थेट जोत्याच्या कडेला पडत होत्या, तिथं जमिनीत ओळीनं खळगे झाले होते आणि त्यातून चिखल उडून भिंतीवर बसत होता. दुसरी गोष्ट रस्त्याची. गावातला रस्ता दर वेळी वर येतो. आधी खडी, मग डांबर, मग काँक्रीट, जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा. त्या घराला पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागे असं सासूबाईंनी सांगितलं. आता जोतं रस्त्याच्या बरोबरीला आलं होतं आणि रस्त्याचं पाणी भिंतीशी येऊन थांबत होतं.

आमच्यातल्या एकीचा नवरा गवंडी आहे. तिनं त्याचं बघून शिकलेली गोष्ट केली. बोटाच्या मागच्या हाडानं भिंत ठोकत गेली. जिथं गिलावा भिंतीला घट्ट धरून असतो तिथं आवाज भरीव येतो. सुटला असेल तिथं डबा वाजवल्यासारखा पोकळ येतो. खालच्या भागात बहुतेक ठिकाणी डबाच वाजत होता. त्यावर टाइल्स लावल्या असत्या तर गिलाव्यासकट खाली आल्या असत्या, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले असते.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. पूर्वी आपण भिंतीला मातीचा गिलावा करून पांढऱ्या मातीनं पोतारत होतो किंवा चुना देत होतो, तेव्हा ती ओल बाहेरच्या हवेवर उडून जायची. सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट किंवा टाइल्स, यातून ओल लवकर बाहेर पडत नाही. ती भिंतीत साठते, आणखी वर चढते. पाण्याबरोबर आलेला क्षार भिंतीवर पांढरा फुटतो, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. आतली माती भुसभुशीत होते. वरून मात्र भिंत चकचकीत दिसत असते, म्हणून कळत नाही.

इथं एक गोष्ट नीट ऐका. भिंतीपासून चार पावलं बाजूला होऊन, कोपऱ्यात उभं राहून, भिंतीच्या कडेनं एका डोळ्यानं बघा. मध्ये फुगवटा आला असेल, म्हणजे भिंतीला पोट सुटलं असेल, किंवा कोपऱ्यात वरून खालपर्यंत बोट जाईल एवढी चीर असेल, तर रंगाचा विषय सोडून द्या. आधी जाणकार गवंड्याला दाखवा, आणि भिंतीला लागून झोपायचं असेल तर अंथरूण तिथून हलवा. जुन्या भिंती भर पावसात नाहीतर पाऊस उघडल्यावर पडतात, आणि बहुतेक वेळा घरात माणसं असतात.

ताईंच्या भिंतीला पोट नव्हतं. मग काय काय केलं ते सांगतो.

पहिलं काम पन्हाळीचं. सहा इंची पीव्हीसी पाइप आणून तो उभा चिरला, एका पाइपाच्या दोन पन्हाळी झाल्या. लोखंडी पट्टीचे आकडे करून वळचणीला बसवल्या. दहा फुटांना एक इंच एवढा उतार ठेवला आणि टोकाला पिंप. पिंपातलं पाणी भांडी घासायला, शेळ्यांना. दुसरं काम भिंतीला लागून साचलेल्या मातीचं. ती माती, जुन्या विटा, मोडकी चूल, सगळं उपसून काढलं. खाली जोत्याचे घडीव काळे दगड निघाले, इतकी वर्षं ते मातीत गाडलेले होते. मग रस्ता आणि जोतं यांच्यामध्ये वीतभर खोल चर काढून पाणी घरापासून लांब शोषखड्ड्यात सोडलं. न्हाणीचं सांडपाणीही त्यातच घेतलं. एवढं झाल्यावर महिनाभर भिंतीला हात लावला नाही. ती वाळू दिली. ताई रोज विचारायच्या, आता करायचं का रंग? आम्ही म्हणायचो, अजून थांबा.

महिन्यानंतर पोकळ वाजणारा सगळा गिलावा काढला. आत दगड बरे निघाले. तुमच्याकडं तसे निघाले तर आमचं ऐका, त्यांना परत झाकू नका. दगड घासून, धुऊन, नुसत्या दर्जा भरा. काळ्या दगडाला चुन्याच्या दर्जा फार शोभतात, आणि दगडाला रंगाचा खर्चच नाही. आमच्याकडं बरेच जण त्या दगडावर काळा ऑइलपेंट आणि दर्जांवर पांढरा पट्टा ओढतात, दगडाचं चित्र काढल्यासारखं. घरात खरा दगड असताना त्याचं चित्र कशाला काढायचं? दर्जांसाठी एक पाटी भिजवलेला चुना आणि तीन पाट्या चाळलेली वाळू घेतली. सिमेंट वापरलं नाही. गवंडी कुरकुरला, चुना वाळायला वेळ लागतो म्हणाला. लागतो खरा. चार-पाच दिवस पाणी शिंपडत ओला ठेवावा लागतो.

वरच्या भागाला चुना दिला. चुन्याला लोक गरिबाचा रंग समजतात. पण दगडमातीच्या भिंतीला तोच मानवतो, कारण ओल त्यातून आरपार जाते. प्रमाण लिहून घ्या. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. भिजवून चोवीस तास ठेवायचं, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळायचं. दहा लिटर निवळीला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा, म्हणजे हात लावला तर पांढरं लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पिवळेपणा जातो. भिंत आधी पाणी मारून ओलसर करायची आणि पातळ हात द्यायचे, तीन. पहिला हात दिल्यावर भिंतीवर काही दिसतच नाही आणि बायका घाबरतात. चुना वाळला की मगच पांढरा दिसतो. जाड थर दिला तर मात्र पापुद्रे सुटतात.

चुना भिजवताना काळजी घ्या. कळीचा चुना पाण्यात उकळतो, उडतो. प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवू नका, लोखंडी पिंप किंवा घमेलं घ्या. आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. पोरांना लांब ठेवा, डोळ्याला चश्मा किंवा निदान ओढणी हवी. डोळ्यात उडाला तर ताबडतोब भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

पांढरं नको असेल तर चुन्यात गेरू, काव किंवा पिवडी मिसळता येते. हे मातीचे रंग चुन्यात टिकतात. बाजारातले भडक पुडीचे रंग उन्हानं आणि चुन्यानं दोन महिन्यांत विटतात.

आता ज्यांची भिंत विटा-सिमेंटची आहे आणि कोरडी आहे, त्यांनी बाहेरच्या कामाचा इमल्शन रंग घ्यायला हरकत नाही. किती लागेल ते दुकानदाराला विचारू नका, घरीच मोजा. समजा पुढची भिंत २४ फूट लांब आणि १० फूट उंच आहे. झाले २४० चौरस फूट. त्यातून साडेतीन बाय साडेसहाचं दार आणि तीन बाय चारच्या दोन खिडक्या वजा करा. उरले १९३. गुळगुळीत गिलाव्यावर एक लिटर इमल्शन दोन हातांना साधारण ५० चौरस फूट जातं. म्हणजे चार लिटरचा एक डबा. दुकानदार दहा लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून गळ्यात मारतो, आणि उरलेला रंग माळ्यावर वाळून जातो. अजून एक, जुन्या चुन्यावर इमल्शन द्यायचं असेल तर चुना पूर्ण खरवडून काढावा लागतो, नाहीतर सालपटं निघतात. आणि एकदा इमल्शन किंवा ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर परत चुना धरत नाही. म्हणून आधी ठरवा, मग ब्रश उचला.

रंग कुठला, यावर बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा होते आणि सगळ्यात कमी उपयोगाची असते. आमचा अनुभव एवढाच की दोन रंग पुरतात आणि तिसरा दाराला. खाली हात-दीड हाताचा पट्टा गेरूचा ठेवा. आपल्याकडची माती उडून तिथंच बसते, ती गेरूवर दिसत नाही. वर फिका रंग. खिडकीभोवती चार बोटांची पट्टी गेरूचीच ओढली की खिडकी मोठी दिसते. एका भिंतीवर पोपटी, जांभळा, केशरी असे सगळे रंग केले की घर लहान दिसतं. ज्यांना आवडतं त्यांनी करावं, घर त्यांचं आहे.

दाराबद्दल थोडं जास्त सांगायचंय. जुन्या घरांची चौकट सागाची नाहीतर बाभळीची असते, कोरीव काम असतं, आणि त्यावर चार पिढ्यांचा ऑइलपेंट चढलेला असतो. तो घासून काढायचा मोह होतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, हा आपल्या देशातला नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. म्हणून असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारत, ओला पॉलिश पेपर घेऊन घासायचा, खाली कागद अंथरायचा, तोंडाला फडकं बांधायचं. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. खरवड गोळा करून पिशवीत बांधायची, परसात किंवा चुलीत टाकायची नाही. लाकूड उघडं झालं की रंगाच्या दुकानातलं बेलतेल फडक्यानं चोळायचं, दोन दिवसांनी परत एकदा. ताईंच्या चौकटीवर या तेलानं मोर दिसायला लागला. सासूबाईंनाही तो आठवत नव्हता. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा.

पत्र्याचं थोडक्यात. लोखंडी पत्रा गंजला असेल तर तारेच्या ब्रशानं गंज काढून रेड ऑक्साइड, त्यावर रंग. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो घासू नका, कापू नका, भोकंही पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते.

बिनपैशाचं कामही बरंच असतं. भिंतीवरच्या निवडणुकीच्या पोस्टरचे तुकडे, गेल्या वर्षीच्या लग्नाचा फाटका बॅनर, लोंबणाऱ्या वायरी, वळचणीत खोचलेली खताची पोती, पुढच्या दारातली कपड्यांची दोरी. ताईंच्या घरी आम्ही सहा जणींनी पैऱ्यानं एका दुपारी हे सगळं काढलं. दोघी तर शिडीवर चढून चुना देत होत्या. गल्लीतले दोन बापये बघत उभे राहिले, मग एकानं लाजून शिडी धरली.

सगळं मिळून चौदा हजार काही रुपये लागले. निम्म्याहून जास्त गवंड्याची मजुरी आणि पन्हाळीचे. पंधरा हजारांचं कर्ज गटानं दिलं. पहिल्या महिन्याचं व्याज तीनशे. ते वेळेवर आलं.

शेवटचं काम पाटीचं झालं. मुलीनं हट्टानं लाकडी फळीवर आईचं आणि बापाचं, दोघांचं नाव रंगवलं. त्यावरून गटात विषय निघाला की पाटीवर नाव आहे, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला कुणाचं आहे? चौकशी केली तर दहापैकी सात जणींच्या घराला फक्त नवऱ्याचं नाव होतं आणि एकीच्या घराला तर कधीच वारलेल्या सासऱ्याचं. खरं तर गावातल्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावावीत, असं परिपत्रक शासनानं २००३ सालीच काढलेलं आहे. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, त्यावर नाव आलं म्हणजे मालकीचा सगळा प्रश्न सुटला असं नाही. पण घरपट्टीपासून कर्जाच्या कागदांपर्यंत तोच पुढं येतो. नवऱ्याची संमती आणि अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, पोच घ्यायची. सात जणींपैकी पाच जणींनी अर्ज दिले आहेत. दोघींच्या घरी अजून बोलणं चालू आहे.

तुमच्यापैकी कुणाला दिवाळीपर्यंत हे काम करायचं असेल तर सुरुवात आत्ताच, पावसातच करायची आहे. पुढचा पाऊस आला की छत्री घेऊन दारात उभ्या राहा. पागोळ्या कुठं पडतात, रस्त्याचं पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, बघा. पाऊस थांबल्यावर भिंतीची ओल जिथपर्यंत आली असेल तिथं चुलीतल्या कोळशानं रेघ मारा आणि तारीख लिहा. पन्हाळ आणि चर तेवढी करून घ्या. घट उठले की परत बघा, ओल रेघेच्या किती खाली गेली ते. ओल खाली गेली असेल तर दसरा झाल्यावर चुना भिजत घाला. गेली नसेल तर पाणी अजून कुठून तरी येतंय, ते शोधा. गटाच्या बैठकीत आम्हाला सांगा, आम्ही बघायला येऊ.